पाहुणा बोलतो तेव्हा संसद कुठे असते?

परराष्ट्राचा प्रमुख दिल्लीत आला, की राजघाटावरील पुष्पचक्र, राष्ट्रपती भवनातील मेजवानी आणि करारांवरील सह्या यांच्या जोडीला त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत काही वेळा आणखी एक नोंद दिसते : 'संसदेला संबोधन'. आम्ही मराठीचे अध्यापक असल्याने आमचे लक्ष प्रथम शब्दाकडे जाते, आणि या शब्दापाशी ते अडते. मराठी व्याकरणात संबोधन ही आठवी विभक्ती. हाक मारण्याची विभक्ती. हाक मारली की ओ द्यावी लागते, निदान ओ देण्याची मुभा तरी असावी लागते. हिंदीच्या वाटेने आपल्या वृत्तपत्रांत शिरलेल्या 'संबोधित करणे' या क्रियापदात ही मुभा उरलेली नाही. तेथे एकाने बोलायचे असते आणि बाकीच्यांनी ऐकून टाळ्या वाजवायच्या असतात. संसदेच्या बाबतीत हा बदल केवळ व्याकरणापुरता राहत नाही. परकीय नेत्याला संसदेत भाषणासाठी बोलावण्याची प्रथा आज ज्या स्वरूपात रूढ आहे त्या स्वरूपात ती बंद व्हावी, आणि चालवायचीच असेल तर उत्तराचा हक्क राखूनच चालवावी, हे आमचे प्रतिपादन आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. भारतीय राज्यघटनेच्या ७९व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती आणि दोन सभागृहे मिळून संसद होते. सभागृहात कोणी बोलावे हेही घटनेने ठरवून दिले आहे. सदस्य बोलतात. ८६ आणि ८७ या अनुच्छेदांनुसार राष्ट्रपती अभिभाषण करतात. ८८व्या अनुच्छेदानुसार मंत्री आणि महान्यायवादी हे त्या सभागृहाचे सदस्य नसले तरी, मताधिकाराविना, बोलू शकतात. परक्या देशाचा अध्यक्ष वा पंतप्रधान या यादीत कोठेही नाही. साहजिकच त्याचे भाषण १०८व्या अनुच्छेदातील संयुक्त बैठकीत होत नाही. ते दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या एका मेळाव्यात होते. अमेरिकेत हा भेद परिभाषेतच नोंदलेला आहे. तेथे राष्ट्राध्यक्षांचे वार्षिक भाषण काँग्रेसच्या 'संयुक्त सत्रा'त होते. परदेशी पाहुण्यासाठी मात्र दोन्ही सभागृहे आपापले काम थांबवतात आणि 'संयुक्त सभे'त जमतात. म्हणजे पाहुण्याला संसदेत बोलता यावे म्हणून संसदेला आधी स्वतःला तहकूब करावे लागते. त्या तासाभरात इमारत तीच असते, बाके तीच असतात, माणसेही तीच असतात. पण प्रस्ताव, दुरुस्ती, हरकतीचा मुद्दा, प्रश्न, मतदान यांपैकी काहीही नसते. ज्या गोष्टींमुळे त्या माणसांची संसद होते त्या सगळ्या दाराबाहेर ठेवलेल्या असतात. उरतो तो श्रोतृवर्ग. 'संसदेला संबोधन' ही शब्दयोजना त्यामुळे शब्दशः खोटी आहे.

आता या भाषणाकडे संहिता म्हणून पाहू. कोणत्याही संहितेबाबत आपण विद्यार्थ्यांना पहिला प्रश्न विचारायला शिकवतो : हे कोण, कोणाला उद्देशून बोलत आहे? समोर बसलेला श्रोता आणि अभिप्रेत श्रोता एकच असतो असे नाही. १० डिसेंबर १९८० रोजी सोव्हिएत संघाचे नेते लिओनिद ब्रेझनेव्ह यांनी दिल्लीत आपल्या खासदारांपुढे भाषण केले. त्यात त्यांनी पर्शियन आखाताच्या सुरक्षिततेविषयी एक कलमवार प्रस्ताव मांडला. तो अमेरिका आणि तिची मित्रराष्ट्रे, चीन आणि जपान यांना उद्देशून होता. बागपत किंवा बारामतीच्या मतदाराने निवडून दिलेला खासदार त्या प्रस्तावाचा पक्षकार नव्हता. तो नेपथ्याचा भाग होता. त्याआधी वर्षभर, डिसेंबर १९७९ मध्ये, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या. आखाताच्या शांततेविषयी बोलणाऱ्या पाहुण्याला काबूलविषयी एक प्रश्न विचारण्याची इच्छा त्या सभागृहात कोणालाच झाली नसेल, हे संभवत नाही. प्रश्न विचारण्याची सोय मात्र नव्हती.

श्रोता एक आणि लक्ष्य दुसरे, या प्रकाराचे सर्वांत उघड उदाहरण ३ मार्च २०१५चे आहे. इस्राएलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांना अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सभापती जॉन बेनर यांनी व्हाइट हाउसशी सल्लामसलत न करता बोलावले. इराणशी चालू असलेल्या अणुवाटाघाटींना विरोध करणे हा भाषणाचा हेतू होता. इस्राएलमध्ये १७ मार्चला, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांवर, निवडणूक होती. एकाच भाषणाने दोन कामे साधली : यजमान सभापतीने आपल्याच राष्ट्राध्यक्षाविरुद्ध पाहुण्याचा शस्त्रासारखा वापर केला, आणि पाहुण्याने यजमानाच्या सभागृहाचा आपल्या प्रचारसभेसारखा. पन्नासहून अधिक डेमोक्रॅटिक सदस्य त्या दिवशी अनुपस्थित राहिले. त्यांच्यापाशी दुसरे साधनच नव्हते. ज्या सभागृहात बोलण्यासाठी लोकांनी त्यांना निवडून दिले होते, त्यात आपले मत नोंदवायचे तर खुर्ची रिकामी ठेवणे एवढीच भाषा उरली होती. २२ जून २०२३ रोजी भारताच्या पंतप्रधानांच्या भाषणाच्या वेळीही काही सदस्यांनी हीच भाषा वापरली. त्यांचे म्हणणे बरोबर होते की चूक, हा येथे प्रश्न नाही. ते म्हणणे मांडण्यासाठी संसद सदस्याला संसदेबाहेर जावे लागले, हा आमच्या चिंतेचा विषय आहे.

या भाषणांचा एक साहित्यप्रकार म्हणून अभ्यास केला तर त्याचा साचा सहज हाती लागतो. आरंभी यजमानांच्या भाषेत नमस्कार. मग त्यांच्या इतिहासातील दोन-तीन वंदनीय नावे. मग दोन्ही देशांच्या परंपरांमधील एखादा दुवा. मग व्यवहार. शेवटी पुन्हा यजमानांच्या भाषेत जयघोष. बराक ओबामांनी ८ नोव्हेंबर २०१० रोजी आपल्या मध्यवर्ती सभागृहात गांधी आणि आंबेडकर यांचे स्मरण केले आणि भाषणाच्या अखेरीस 'जय हिंद' म्हटले. नरेंद्र मोदींनी ८ जून २०१६ रोजी वॉशिंग्टनमध्ये आंबेडकरांच्या कोलंबिया विद्यापीठातील दिवसांचा उल्लेख केला आणि वॉल्ट व्हिटमनचा आधार घेतला. व्होलोदिमिर झेलेन्स्की यांनी मार्च २०२२ मध्ये दूरदृश्य माध्यमातून लंडनमध्ये शेक्सपिअर आणि चर्चिल, वॉशिंग्टनमध्ये पर्ल हार्बर आणि ११ सप्टेंबर, तर बर्लिनमध्ये भिंत आठवली. यात गैर काही नाही. श्रोत्याच्या घरातील देव्हाऱ्याला आधी नमस्कार करणे ही वक्तृत्वाची जुनीच रीत आहे. कीर्तनकारही गावच्या दैवताला वंदन करूनच उभा राहतो. तक्रार आहे ती आपल्या वाचनाविषयी. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत पाहुण्याने आपली कोणती नावे घेतली याची यादी ठळकपणे येते, आणि मधला व्यवहार आतल्या पानावर जातो. नमनाचे घडाभर तेल आपण चवीने मोजतो आणि नाटक काय होते हे विसरतो.

ओबामांच्या त्याच भाषणात नाटकही होते, आणि ते वाचण्यासारखे होते. भारताला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत कायमची जागा मिळावी, याला त्यांनी पाठिंबा जाहीर केला. त्यावर बाके वाजली. त्यानंतर दीड दशक उलटून गेले. ती जागा मिळालेली नाही. पण त्याच भाषणात त्यांनी दुसरेही सांगितले. आदल्याच दिवशी ब्रह्मदेशात लष्करी राजवटीने घडवून आणलेली निवडणूक झाली होती. अशा दडपशाहीचा निषेध करण्याची जबाबदारी अमेरिका आणि भारत यांच्यासारख्या देशांवर आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर भारत ती अनेकदा टाळत आला आहे, असे त्यांनी आमच्या प्रतिनिधींना तोंडावर ऐकवले. हा आरोप गंभीर होता. त्याला निदान दोन प्रामाणिक उत्तरे संभवत होती. एखादा खासदार म्हणू शकला असता, की पाहुणे खरे बोलत आहेत, आमच्या सरकारने शेजारच्या लष्करशहांशी जुळवून घेतले याची आम्हांला लाज वाटते. दुसरा म्हणू शकला असता, की लष्करशहांना पोसण्याचा स्वतःचा इतिहास पाहुण्यांनी आधी तपासावा. दोन्ही उत्तरे भारताच्या परराष्ट्रधोरणाविषयी काही सांगून गेली असती. त्या सभागृहात यांपैकी एकही उच्चारले गेले नाही, कारण स्वागत आणि आभार यांपलीकडे तेथे यजमानाला शब्दच नेमून दिलेले नव्हते.

याच्याशी मार्च २००० मधील एक प्रसंग ताडून पाहावा. बिल क्लिंटन भारतात येण्यापूर्वी त्यांनी भारतीय उपखंडाचे वर्णन जगातील कदाचित सर्वांत धोकादायक जागा, असे केले होते. राष्ट्रपती भवनातील मेजवानीत राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी पाहुण्यांच्या समक्ष त्या वर्णनाचा समाचार घेतला. अशा भयसूचक वर्णनांनी शांतता भंग करू पाहणाऱ्यांनाच बळ मिळते, असे त्यांनी शांतपणे सुनावले. त्यावर पुष्कळ टीका झाली, अतिथिधर्माची आठवण करून देण्यात आली. पण एका प्रजासत्ताकाच्या प्रमुखाने दुसऱ्याला दिलेले ते उत्तर होते. २२ मार्चला क्लिंटन मध्यवर्ती सभागृहात बोलले. तेथे काय घडले ते सर्वांना आठवते : भाषण संपताच पाहुण्याशी हस्तांदोलन करण्यासाठी खासदारांची झुंबड उडाली, काही बाके ओलांडून पुढे सरसावले. आम्ही त्या खासदारांना हसत नाही. ज्या सभेत माणसाला बोलायला बंदी असते तेथे त्याचे हात आपोआप पुढे होतात. विचार करावा असा मुद्दा वेगळाच आहे. जेवणाच्या टेबलावर राजशिष्टाचाराने दोन्ही पक्षांना भाषण दिलेले आहे, म्हणून तेथे उत्तर देता आले. लोकशाहीच्या सर्वोच्च सभेत ते देता आले नाही. मेजवानी संसदेहून अधिक संवादी ठरावी, ही विसंगती आहे.

'अतिथी देवो भव'चा दाखला येथे हमखास दिला जातो. आमच्या परंपरेतच उत्तर शोधायचे तर उद्योगपर्वात शोधावे. कृष्णशिष्टाई म्हणजे दुसरे काय आहे? विरुद्ध पक्षाचा प्रतिनिधी कुरुसभेत येऊन बोलतो, हाच तो प्रसंग. दुर्योधन त्याच्या सत्काराची जय्यत तयारी करतो. कृष्ण त्याच्या घरचे जेवण नाकारतो, कारण दूताने कार्य साधल्यावरच पूजा स्वीकारायची असते, आणि तो विदुराघरी जातो. दुसऱ्या दिवशी सभेत तो बोलतो, आणि सभा त्याला उत्तर देते. भीष्म बोलतात, द्रोण बोलतात, विदुर बोलतो, ऋषी दृष्टान्त सांगतात, दुर्योधन स्पष्ट शब्दांत नकार देतो, रागाने उठून जातो, गांधारीला सभेत आणून मुलाची कानउघाडणी करविली जाते. शिष्टाई फसली, हे खरे. परंतु युद्ध का झाले याची नोंद त्या सभेमुळेच राहिली. कोण काय म्हणाले आणि कोण काय म्हणाला नाही हे आपल्याला आज ठाऊक आहे. आपल्या महाकाव्याच्या कल्पनेतील राजसभेलाही पाहुण्याला उत्तर देण्याचा हक्क होता. तो नसता तर त्या पर्वात एक उत्तम भाषण आणि त्यावर टाळ्या एवढेच उरले असते.

टाळ्यांच्या सभेची किंमत कोणी मोजावी लागते, हे २००३च्या ऑक्टोबरमध्ये कॅनबेरात दिसले. २३ तारखेला जॉर्ज बुश ऑस्ट्रेलियन संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे बोलले. ग्रीन पक्षाचे सेनेटर बॉब ब्राउन आणि केरी नेटल यांनी मध्येच आवाज उठवला; ग्वांतानामोच्या तुरुंगात अडकलेल्या ऑस्ट्रेलियन नागरिकांचा प्रश्न त्यांनी काढला. एरवी त्या संसदेत अडथळे आणि शेरे यांचा सुकाळ असतो. एवढ्या तेवढ्याने कोणी दचकत नाही. या वेळी मात्र दोघांना चोवीस तासांसाठी निलंबित करण्यात आले. त्याचा परिणाम असा, की दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, चीनचे राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ त्याच सभागृहात बोलले तेव्हा या दोन निर्वाचित सदस्यांना आत प्रवेश नव्हता. लोकशाही राष्ट्राच्या अध्यक्षाला प्रश्न विचारल्याबद्दल झालेल्या शिक्षेने एकपक्षीय राजवटीच्या अध्यक्षाची बिनबोभाट सोय झाली. ज्याला त्या देशातील एकाही नागरिकाने मत दिलेले नाही तो सभागृहात, आणि ज्यांना मते दिली ते बाहेर. ही विपरीत स्थिती कोणाच्या दुष्टपणाने ओढवली नव्हती. त्या प्रथेच्या तर्कातच ती होती.

ओटावात २२ सप्टेंबर २०२३ रोजी झेलेन्स्की यांच्या भेटीच्या वेळी तर तर्क आणखी पुढे गेला. सभापतींनी प्रेक्षक सज्जातील एका वृद्ध युक्रेनी योद्ध्याची ओळख करून दिली आणि सारे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. तो गृहस्थ दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या वाफेन एसएस दलातील तुकडीत लढला होता, हे मागाहून उघड झाले. त्याच महिन्यात सभापती अँथनी रोटा यांना राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्या महायुद्धात रशियाविरुद्ध लढला तो कोणाच्या बाजूने, एवढा एक प्रश्न शेकडो सदस्यांपैकी एकाने मनात विचारला असता तरी हात थांबले असते. पण समारंभात प्रश्न विचारायचे नसतात, आणि समारंभाची सवय लागलेली सभा मनातही प्रश्न विचारत नाही.

आता प्रतिपक्षाकडे वळू. पहिला आक्षेप सर्वांत प्रचलित आहे : प्रथा वाईट नाही, निवड वाईट असते, योग्य माणसाला बोलवा, अयोग्याला टाळा. २००६च्या मार्चमध्ये बुश दिल्लीत आले तेव्हा त्यांचे भाषण संसदेत झाले नाही, पुराना किल्ल्यात झाले. सरकार ज्यांच्या बाहेरील पाठिंब्यावर उभे होते त्या डाव्या पक्षांचा या भेटीलाच तीव्र विरोध होता. इराक युद्धाच्या कर्त्याला संसदेत मान नको, ही भूमिका आम्हांला समजते. मात्र हाच निकष १९८० साली ब्रेझनेव्ह यांना लावला गेला होता काय? लंडनचे उदाहरण घ्या. हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती जॉन बर्को यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये बोलू देण्यास जाहीर विरोध केला. हा मान आपोआप मिळत नाही, तो मिळवावा लागतो, असे त्यांचे म्हणणे. परंतु ऑक्टोबर २०१५ मध्ये शी जिनपिंग यांनी त्याच संसद भवनातील रॉयल गॅलरीत भाषण केले होते, आणि त्या समारंभात स्वागत करणारे सभापती हेच होते. जून २०१२ मध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये आंग सान स्यू ची बोलल्या. निवडीचा याहून निर्विवाद नमुना त्या दिवशी सापडला नसता. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच स्यू ची हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात रोहिंग्यांच्या वंशसंहाराच्या आरोपाविरुद्ध आपल्या देशाच्या लष्कराचा बचाव करण्यास उभ्या राहिल्या. सद्गुणांची परीक्षा घेऊन पाहुणे निवडणारी संसद कधी ना कधी तोंडघशी पडणारच, कारण माणसे बदलतात आणि परीक्षकांचे हितसंबंधही बदलतात. म्हणून नियम माणसाविषयी नसावा, सभेच्या स्वरूपाविषयी असावा. प्रश्नोत्तरे ठेवली तर सज्जनाचे काही बिघडत नाही आणि दुर्जनाला फुकटचा मान मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे आणि त्याला आम्ही मान देतो. दुबळ्यांना, लढणाऱ्यांना, ज्यांच्यापाशी सैन्य वा पैसा नाही त्यांना जगाशी बोलण्यासाठी परक्या संसदेची पायरी हाच आधार असतो. तो का काढून घ्यावा? नेल्सन मंडेला फेब्रुवारी १९९० मध्ये तुरुंगातून सुटले आणि २६ जूनला अमेरिकी काँग्रेसपुढे बोलले. त्या वेळी ते कोणत्याही सरकारचे प्रमुख नव्हते. एवढेच नव्हे, त्यांचे नाव अमेरिकेच्या दहशतवादविषयक यादीतून २००८ साली निघाले. सरकारे झोपलेली असताना संसदेचे व्यासपीठ जागे असू शकते, याचे हे उदाहरण नव्हे काय? आहे. पण ते जागेपण कोठून आले तेही पाहिले पाहिजे. त्याच काँग्रेसने ऑक्टोबर १९८६ मध्ये वर्णद्वेषविरोधी निर्बंधांच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून काढला होता. वाद झाला होता, मते पडली होती, कोण कोणत्या बाजूला आहे याची नोंद झाली होती. १९९० मधील टाळ्यांना अर्थ होता तो १९८६ मधील मतदानाने दिलेला.

मतदानाचे पाठबळ नसलेली टाळी कशी दिसते, हे १७ मार्च २०२२ रोजी बर्लिनमध्ये दिसले. देशावर बॉम्ब पडत असताना झेलेन्स्की जर्मन संसदेशी पडद्यावरून बोलले. जर्मनीच्या धोरणावर त्यांनी थेट ठपका ठेवला. सदस्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर पीठासीन उपाध्यक्षांनी काही सदस्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि कामकाज पुढे सरकले. चर्चा व्हावी ही विरोधी पक्षाची मागणी मतदानाने फेटाळण्यात आली. एका युद्धग्रस्त राष्ट्राच्या हाकेला वाढदिवसाच्या शुभेच्छा हे उत्तर मिळाले. झेलेन्स्कींना तेथे कशाची गरज होती? आदराची, की वादाची? दुबळ्या पाहुण्याला आदर देणे सोपे असते, कारण आदर दिला की दुसरे काही द्यावे लागत नाही. चर्चा ठेवली असती तर सरकारला आपले धोरण मांडावे लागले असते, आणि ते पाहुण्याच्या अधिक उपयोगी पडले असते. दुबळ्यांच्या बाजूनेच बोलायचे तर मागणी भाषणाची असून भागत नाही. भाषणानंतरच्या चर्चेची असावी लागते.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे : कोणताही राष्ट्रप्रमुख परक्या खासदारांच्या प्रश्नांना तोंड देण्यास तयार होणार नाही. युरोपीय संसदेने २०१८ आणि २०१९ मध्ये युरोपच्या भवितव्यावर चर्चा घडवून आणली तेव्हा मॅक्रॉन, मर्केल यांच्यासारखे सरकारप्रमुख तेथे बोलले आणि सदस्यांनी त्यांना समोरासमोर उत्तरे दिली. इटलीच्या पंतप्रधानांना तर 'कळसूत्री बाहुली' हे विशेषण ऐकून घ्यावे लागले. ते एकाच संघाचे घटक आहेत, पूर्णपणे परके नाहीत, हा फरक आम्ही मान्य करतो. तरी एवढे सिद्ध होते, की प्रश्न विचारल्याने आकाश कोसळत नाही. आणि ज्याला प्रश्न नको असतील त्याच्यासाठी विज्ञान भवन आहे, विद्यापीठे आहेत, क्रीडांगणे आहेत. ट्रम्प यांचा २४ फेब्रुवारी २०२० चा कार्यक्रम अहमदाबादेत मोटेराच्या क्रिकेट मैदानावर झाला. त्या समारंभाविषयी आमचे मत फारसे चांगले नाही, पण एका बाबतीत तो प्रामाणिक होता : स्टेडियमने आपण संसद असल्याचा आव आणला नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक मोह आहे, आणि तो मराठी वाचकाला परका नाही. तो सत्काराचा मोह. २०२५च्या जुलैमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी घाना, त्रिनिदाद आणि नामिबिया अशा तीन देशांच्या संसदांत भाषणे केली तेव्हा कोणत्या पंतप्रधानाने आजवर किती परकीय संसदांत भाषण केले याची गणती छापून आली, आणि पक्षापक्षांची बेरीज-वजाबाकी झाली. शाली आणि श्रीफळे मोजावीत तशी ही मोजणी. त्या भाषणांत काय मांडले गेले, त्यावर त्या देशांतील सदस्यांना काय म्हणायचे होते, याची चौकशी कोणी केली नाही. आमच्या वाङ्मयीन जगातही व्यासपीठावर कोण बसले यावर समारंभाची उंची ठरते. २०१९ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावून ते निमंत्रण मागे घेण्यात आले. पाहुणी काहीतरी बोलेल, या भीतीने यजमानांनी पाहुणीच टाळली. उलट १९७५ साली कराडच्या संमेलनात, आणीबाणी चालू असताना, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. समारंभात उत्तराला जागा करता येते. ती करणारे कोणीतरी असावे लागते, आणि नियम तिच्या आड येणारा नसावा लागतो.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. परकीय पाहुण्याच्या भाषणाला 'संसदेला संबोधन' म्हणणे थांबवावे. 'खासदारांपुढील भाषण' हे साधे आणि खरे नाव वापरावे. निमंत्रण सरकारच्या सोयीने जाऊ नये. दोन्ही सभागृहांच्या पीठासीन अधिकाऱ्यांनी विरोधी पक्षनेत्यांशी विचारविनिमय करून ते द्यावे. भाषणाइतकाच वेळ प्रश्नांसाठी राखावा, आणि प्रश्नकर्त्यांत निम्मे विरोधी बाकांवरचे असावेत. पाहुण्याला हे मान्य नसेल तर मेजवानी आहेच. आणि पाहुणा गेल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत त्याच्या भाषणावर सभागृहात रीतसर चर्चा व्हावी, म्हणजे पाहुण्याची हाक आणि यजमानाचे उत्तर दोन्ही कामकाजाच्या इतिवृत्तात जातील.

मध्यवर्ती सभागृह ज्या इमारतीत आहे तिचे नाव सप्टेंबर २०२३ पासून 'संविधान सदन' झाले, संसद शेजारच्या नव्या वास्तूत गेली. नव्या वास्तूत तसे मध्यवर्ती सभागृह नाही. पुढचा पाहुणा लोकसभेच्याच दालनात उभा राहील, अशी शक्यता आहे. म्हणून जुन्या दालनाची एक आठवण सोबत न्यावी. ९ डिसेंबर १९४६ पासून घटना समिती तेथे बसली. घटनेच्या मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, समारोपाच्या भाषणात, डॉ. आंबेडकरांनी त्या बंडखोर सदस्यांचे आवर्जून आभार मानले ज्यांनी पक्षशिस्त न जुमानता पावलोपावली हरकती घेतल्या; ह. वि. कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू ही त्यांतली काही नावे. हे सदस्य नसते तर समितीचे कामकाज नीरस झाले असते, अशी त्यांची भावना होती. मसुदा ज्याच्या देखरेखीखाली तयार झाला त्यानेच आक्षेपकांचे आभार मानावेत, असे ते दालन होते. त्याच्या वारशावर हक्क सांगणाऱ्या सभेत येणाऱ्या पाहुण्याला आम्ही एकच विचारू इच्छितो : आपण बोलून झाल्यावर थोडा वेळ थांबाल ना?